समुद्रातली बोअर

अब्बा,

हे मराठीत लिहितोय. घरात आपण आपली मोडकीतोडकी हिंदी बोलायचो, पण दुकानात, गिऱ्हाइकाशी आणि रागावल्यावर तुम्ही मराठीवरच यायचात. मला तुमचं बोलणं आठवतं ते बहुतेक त्याच भाषेतलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी अजून त्याच कामावर आहे, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी. घर आता सांगलीत, विश्रामबागेत. धाकटा रहिमतपूरलाच आहे, दुकान तोच बघतो. जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं काम आता कमी झालंय, पण बोअरमधला पंप अडकला की लोक अजून आपल्याच दारात येतात.

रिग म्हणजे काय ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तीन लोखंडी पायांवर समुद्रात उभं असलेलं एक मोठं घर समजा, आणि त्यावर मनोरा. पाइपाला पाइप जोडत तळाखालच्या खडकात भोक पाडत जायचं. खालचं दातेरी टोक झिजलं की सगळे पाइप एकेक करून वर काढायचे, मनोऱ्यात उभे करायचे, टोक बदलायचं आणि पुन्हा सगळे खाली सोडायचे. तुम्ही शेतात तीन पायांची घोडी उभी करून, साखळीनं पाइप ओढत पंप वर काढायचात, काम तेच. फक्त इथं पाइप निसटला तर माणूस उरत नाही.

डिप्लोमा होऊन मी घरी बसलो होतो तेव्हा काही महिने तुमच्याबरोबर यायचो. मनात नसायचं. ब्रह्मपुरीच्या वाटेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आल्याच्या रानात आपण पंप काढत होतो. बोअरच्या तोंडावर क्लॅम्प बसवून खालच्या पाइपांचं सगळं वजन त्यावर पेलायचं आणि वरचा पाइप सोडवायचा. तुम्ही विचारलंत, "दोन्ही नट आवळलेस का?" मी व्हय म्हणालो. एक आवळला होता. दुसरा नुसता हातानं फिरवून ठेवला होता, कारण पाना गाडीपाशी राहिला होता आणि ऊन फार होतं. तुम्ही साखळी सैल केलीत आणि पाइप सरकला. पाठोपाठ केबल सळसळत गेली. मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी खालून एक आवाज.

म्हातारा धावत आला. "आवं मिस्त्री, आल्याला पानी कसं द्यायचं मी आता?" तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. "चूक माझी हाय, दादा. मोटार निघंस्तवर मी हितनं हलत न्हाई." आणि खरंच तीन दिवस हलला नाहीत. लोखंडी गळ करून खाली सोडायचा, चाचपायचं, वर घ्यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी पंप वाकडा होऊन वर आला. परत येताना गाडीवर मी मागं बसलो होतो. तुम्ही मान न वळवता बोललात, "नट आवळला का म्हणून इचारलं तर लगीच व्हय म्हणायचं न्हाई. जाऊन बघायचं, मग म्हणायचं." एवढंच. मला वाटतं तुम्ही मारलं असतंत तर मी ते विसरून गेलो असतो.

रिगवरची नोकरी लागली तेव्हा दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तुम्ही सांगितलंत, पोरगा समुद्रात बोअर मारायला चाललाय. त्यातला एक म्हणाला, "का रं, समुद्रात पानी कमी पडलं व्हय?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "तेल काढत्यात, गड्या," म्हणालात आणि पुन्हा तारेचे वेढे घालायला लागलात. संध्याकाळी जेवताना मात्र मला विचारलंत, "पोहता येतं का तुला?" येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी एका गिऱ्हाइकाच्या विहिरीवर न्यायला लागलात. मी तेवीस वर्षांचा, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, आणि आजूबाजूची सहा-सात वर्षांची पोरं काठावरून उड्या मारतायत. तुम्ही कठड्याला धरून वर उभे. "पाय मार, पाय!" असं ओरडत होतात. मी खालूनच म्हणालो, अब्बा, तुम्हीच उतरा की. तुम्ही म्हणालात, "मला कुठं येतंय." ते मला तिथं कळलं. पंधरा दिवसांत डबा सुटला. तुम्हाला त्या विहिरीची भीती वाटत होती, हे तुमच्या हातांकडं बघून समजत होतं, पण एकही सकाळ तुम्ही चुकवली नाहीत.

रिगवर मी आता ड्रिलरच्या हाताखालचा पहिला माणूस आहे. नव्या पोरांना मी फार विचारतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. मागच्या खेपेला एकाला विचारलं, पिन लावलीस का? तो हो म्हणाला. मी म्हणालो, जाऊन बघून ये. तो तोंड वाकडं करून वर चढला, बघून आला. पिन लावलेलीच होती. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. बहुतेक वेळा पिन लावलेलीच असते.

आता तुम्ही गेलात त्या दिवसाचं. सकाळी नाश्त्याच्या वेळी मला साहेबाच्या केबिनमध्ये बोलावलं. फोनवर धाकटा होता. पहाटे फजरच्या नमाजला उठलात, वजूला हातपाय धुताना बसलात ते बसलातच, असं त्यानं सांगितलं. "भाई, तू ये. मिट्टी संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर देऊ. आम्ही थांबतो." साडेनऊला हेलिकॉप्टर येणार होतं. साहेबानं यादीतून एकाचं नाव काढून माझं घातलं. मुंबईहून गाडी केली असती तर मगरिबच्या आत पोचलो असतो. मी खोलीत जाऊन बॅग भरली.

ज्याचं नाव काढलं होतं तो क्रेन चालवणारा केरळचा माणूस होता, त्याची सुट्टी आधीच दोन दिवस लांबली होती. मी त्याला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, तुझे वडील गेलेत ना? मी म्हणालो, मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. मग घरी फोन लावला आणि धाकट्याला सांगितलं की हेलिकॉप्टरात जागा नाही, थांबू नका. तो रडत होता. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर तुम्हाला कबरस्तानात नेलं. तेव्हा मी मनोऱ्याखाली फ्लोअरवर कामाला होतो. त्या दिवशी पाइप वर काढायचं काम होतं, आणि ते चांगलं झालं.

धाकटा अजून लोकांना सांगतो, भाईला कंपनीनं सोडलं नाही. अम्मी जाईपर्यंत तेच सांगत होत्या, त्या कंपनीला शिव्या देत. मी कधी दुरुस्त केलं नाही. आपल्या गल्लीत माझ्याबद्दल हळहळतात, बापाला माती देता न आलेला बिचारा म्हणून. खरं असं की बॅग भरून मी पलंगावर बसलो आणि रडू यायची वाट बघितली. आलंच नाही. अंगणात सगळी माणसं बसलेली असणार, मी गाडीतून उतरणार, सगळे माझ्या तोंडाकडं बघणार, आणि मोठ्या मुलाचे डोळे कोरडे. मला त्याची लाज वाटली. गुसलला, शेवटच्या अंघोळीला, मोठ्या मुलानं हात लावायचा असतो, त्याचीही भीती वाटली असेल. केरळच्या माणसावर मी काही उपकार केले नाहीत.

रडू नंतरही आलं नाही. हे लिहितानाही आलेलं नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही वेगळं सांगणार नाही. दुपारचे तीन वाजलेत. परवा पुन्हा जायचंय. हे कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, आणि कबरीवर नेऊन ठेवण्यातला मी नव्हे. मघाशी बायको चहा ठेवून गेली, विचारत होती, एवढं काय लिहिताय. कंपनीचं काहीतरी आहे, म्हणालो.