अक्काचे चुकलेले ठोके

औराद, पौषातला सोमवार, १९५२

धोतऱ्याच्या पानांच्या बिड्या, टेकून बसायला तिरपी फळी, छाती ऐकायला बाभळीची नळी, सगळं माझ्या हातचं. दम्याला एका वेळी एकच बिडी, हे थोरल्या बहिणीला किती वेळा बजावलं! आज अक्कानं लागोपाठ तीन ओढल्या. वर हसतीय, "दम मोकळा झाला की रे, वरडायलास कामून?" नळी लावली तर काळीज धावतंय, मधेच एक ठोका गिळतंय, पुन्हा धावतंय. हे बिडीनं झालं, की इतक्या वर्षांच्या दम्यानं? चार पुस्तकं वाचून औषधपाणी शिकलो, त्यात हे कुठंच नाही. तो गिळलेला ठोका डोक्यातून जात नाही. उलगडा होईपर्यंत एकही बिडी वळणार नाही. सांजेला व्यापारी बिड्यांचा ठेका मागायला आला, त्याला सरळ नाही म्हटलं. महिन्याला चाळीस रुपये हाली, निजामाच्या नाण्यात, देणार होता.