पिशवी क्रमांक २१७

४ मे

सुई काढून कापूस दाबत शेखरभाऊ म्हणाले, झालं, अपूर्वाताई, आता तुम्ही आमच्यातल्या. इथे रुजू होणाऱ्याने आधी स्वतःची एक पिशवी द्यायची, असा रिवाज आहे. माझी २१७. एबी निगेटिव्ह, म्हणून जरा कौतुकही झालं.

दिंडोरीजवळचं हे द्राक्षांचं शीतगृह लष्कराने लढाईपुरतं घेतलंय. आता रॅकवर रक्त असतं. चार अंशांवर पस्तीस दिवस टिकतं. इथून ओझर, तिथून विमानाने सीमेवर. खोली जवळच मिळाली. मालकीणबाई, सुमनबाई, बोलक्या आहेत.

९ मे

बाहेर एकेचाळीस अंश. शेजारच्या बागेतला पुंजा घोंगडी पांघरून आला. परवा त्याने रक्त दिलं होतं. म्हणाला, ताई, लय गार वाजतं, आतूनच. शेखरभाऊंनी विचारलं, रक्त दिलं का फ्रिजमध्ये बसला होता? सगळे हसले.

मलाही थंडी वाजते. पहिल्या दिवसापासून.

१५ मे

नोंदवहीशी ताडून पाहिलं. बागेतल्याच कुसाबाईंची पिशवी अकरा तारखेला गेली, बाराला जवानाला चढवली. त्याच दिवशी त्यांनी स्वेटर काढला. ज्यांचं रक्त अजून रॅकवर आहे, ते सगळे गारठलेले. इथल्या प्रमुख कर्नल मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, झोप घे नीट.

२२ मे

पुंजाची पिशवी गळत होती. अशी पिशवी नष्ट करायची असते. वाफेच्या बंद भांड्यात, एकशे एकवीस अंशांवर. बटण मी दाबलं. अकरा वाजता.

दुपारी बागेतल्या बायका सांगत आल्या. पुंजा अकराच्या सुमारास वेलीखाली ओरडत पडला. अंगभर फोड. जवळ विस्तव नव्हता, पाणी नव्हतं. संध्याकाळी गेला.

२९ मे

भांडं लावायला नकार दिला. मॅडमनी शीतगृहाची किल्ली काढून घेतली. नाहीतर २१७ काढून स्वतःलाच चढवली असती. तिची मुदत आठ जूनला संपते. रोज विचारते, एबी निगेटिव्ह कोणी मागितलं का. कोणी मागत नाही.

मी कुणीतरी जखमी होण्याची वाट बघते आहे.

५ जून

लढाई थांबली. शेखरभाऊ पेढे वाटत होते. मी घेतला. आता २१७ कोण मागणार?

७ जून

उद्या सकाळी आठ वाजता मुदत संपलेल्या पिशव्या भांड्यात — शेखरभाऊंचे पाय धरले. ओशाळले. म्हणाले, अहो ताई, उठा. किल्ली सकाळी माझ्याकडेच असते, साडेसातला काढून ठेवतो तुमची. वही द्या, वाचतो. देते आहे. थंडी — बोटं वळत नाहीत — मॅडम आधी आल्या तर माझ्या

८ जून, सकाळ

मी शेखर. वही काल उघडली नव्हती. मॅडम सातलाच आल्या. मुदत संपलेल्या पिशव्या मोजल्या, अकरा, २१७ धरून. सव्वासातला बटण मी दाबलं. साडेसातला ताईंच्या खोलीवरून सुमनबाईंचा फोन आला.