फाट्यापर्यंतची भेंडी

१६ जानेवारी, शुक्र.
डोंबिवलीहून कल्याण, पुढे एस.टी.नं वाडी. भजनी मंडळातल्या सुमनताईंच्या प्राजक्तानं गळ घातली म्हणून तिच्या ऑफिसचं हे सर्व्हेचं काम घेतलं. म्हणाली, काकू, तुम्ही हिशेब नीट लिहिता, तुम्हाला जमेल.

काम असं. नवा रस्ता झाल्यापासून सरकारी योजनेची मोठी गाडी फाट्यावर येते आणि भाजी थेट ठाण्याला नेते. त्यानं शेतकऱ्याच्या हातात काय उरलं, आधी दारातून माल उचलायचे त्या टेम्पोंचं काय झालं, हे वाडीतल्या बायकांना विचारायचं. गाडी फाट्यावरच ठेवायची की आत वाडीपर्यंत फेरी द्यायची, ते यावरून ठरणार आहे म्हणे.

बायका बुजतात. उंबऱ्यातूनच, "मालक आले का या." आजचं तिकीट पाण्यात.

१७, शनि.
पूजेत युक्ती सुचली. देवानंच सुचवली म्हणायचं. संक्रांतीचे दिवस आहेत. वाडीतली मंदा बोलकी आहे, तिच्या पडवीत हळदीकुंकू ठेवायचं. बायका आपोआप येतील, एकेकीला विचारून घेता येईल. वाण म्हणून चहाच्या गाळण्या, मागल्या वर्षीच्या उरल्यात. लाडू घरचे.

हे म्हणाले, "सर्व्हे करतेयस की व्रत?"
म्हटलं, "दोन्ही एका तिकिटात."

२०, मंगळ.
मंदाकडे ह.कुं. छान झालं. पडवी भरली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. कुंकू लावायचं, लाडू द्यायचा, विचारायचं.
गाडीमुळे कसं चाललंय? "बरं चाललंय."
काही अडचण? "न्हाय, ताई."
दारातला टेम्पो बंद झाला त्याचं? "आमचे हे मोटारसायकलवरनं क्रेट टाकतात ना फाट्यावर."
सगळ्या हसतमुख. इतकं भरभर होईल वाटलं नव्हतं.

मंदाची मोठी जाऊ हौसाबाई आत चुलीपाशी चहा करत होती. एकदा दारापर्यंत आली, हात पदराला पुसत. "मना पन इचाराचं हाय का?"
"थांबा हं, एवढं उरकू दे."
मग एस.टी.ची वेळ झाली. चहा उत्तम, आलं घातलेला.

२४, शनि.
ठाण्याला नौपाड्यात प्राजक्ताच्या ऑफिसात कागद दिले. खूश. "काकू, इतकी पूर्ण उत्तरं कुणीच आणली नाहीत!" चारचौघांसमोर म्हणाली. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. उद्या रथसप्तमी.

२९, गुरु.
संध्याकाळी वाती वळत होते. प्राजक्ताचा फोन.
"काकू, एक विचारायचं होतं. तुमच्या यादीत एकही विधवा नाही. वाडीत नाहीतच का?"
"नसतील," म्हणाले.

लगेच म्हणाले. विचारही केला नाही. नंतर हातातली वात तशीच धरून बसले. हौसाबाईचं मोकळं कपाळ मी पाहिलं होतं की. तिच्या हातचा चहा प्यायले. आणि नसतील?

३०, शुक्र.
पूजेत लक्ष नाही.
आई आठवते. संक्रांतीला लाडू तीच वळायची आणि बायका आल्या की स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. मी ताट घेऊन तिच्यासमोरून जायचे. तेव्हा कधी काही वाटलं नाही. त्या मंगळवारी मंदाकडेही वाटलं नाही. लाज याचीच जास्त.

३१, शनि.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग प्राजक्ताला सांगून टाक."
"काय सांगू? विधवा आहेत, पण मी त्यांना बोलावलंच नाही?"
"हो. हेच." आणि पेपर उघडला.

फोन केला. प्रा.नं सगळं ऐकून घेतलं. मग, "काकू, आमचे सर सोमवारी आकडे पुढे पाठवतायत. सगळ्यांनी सोय चांगली आहे म्हटलंय, त्यामुळे आतली फेरी नको असंच निघतंय. त्याच्या आत काही आणलंत तर बघते."
रागावली असती तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी, रवि.
वाडी. करंडा घरीच ठेवला.
मंदा म्हणाली, "ताई, आज कसं काय? हळदीकुंकू झालं की!"
हौसाबाईंना भेटायचंय म्हटलं.
"तिला? ती काय सांगनार?"

हौसाबाई शेतात भेंडी तोडत होत्या, खाजेपायी हाताला चिंध्या गुंडाळून. बस म्हणाल्या नाहीत. मी बांधावर उभी. काही सुचेना म्हणून पिशवीतली उरलेली गाळणी पुढे केली.
"गाळनी हाय घरात. मंदाला दिली तीच. तिच्यातच तुमचा च्या गाळला." तोडणं चालूच. "इचारा काय इचाराचं ते."

मग बोलल्या. रघूचा टेम्पो आधी बांधापाशी यायचा. तिथंच वजन, भाडं कापून हातात पैसे. भाडं जास्त लावायचा, वजनातही मारायचा. पण यायचा. मोटारसायकलवाल्या घरांनी गाडीला माल द्यायला सुरुवात केल्यावर उरलेल्या थोड्या क्रेटसाठी त्याला फेरी परवडेना. आता विठ्ठलवाडीला फर्निचर वाहतो. मंदाचा नवरा सकाळी आधी आपले क्रेट नेतो, मग हौसाबाईंचे. तोवर गाडी निघून जाते. म्हणून या डोक्यावर नेतात. एका खेपेत एकच क्रेट होतो. बाकीची भेंडी झाडावर जून होते, ती बकऱ्यांना.

गाडीला नावं ठेवतील असं मला वाटलेलं. तसं नाही. "भाव ब्येस देतात, बाई. पन तो भाव फाट्यावं हाय."

मी विचारलं, यातलं मंदा त्या दिवशी काहीच कसं बोलली नाही?
"कपाळाला कुकू लावून घेतल्यावं कोन रडतं? पावनी आल्याली तुमी."

अशा आणखी कुठल्या घरात? हनुवटीनंच घरं दाखवली. सगळीकडे गेले. एकीनं आधी विचारलं, "आमी सांगितल्यालं चालतंय का?" वही उघडून तिचं आधी लिहिलं. डोक्यावरचा क्रेट प्रत्येकीकडे होता.

निघताना हौसाबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "गाडी आत येनार का? तसं आसल तर भेंडीला पानी देते. पानी इकतचं हाय. न्हायतर उपटून टाकते."
"विचारून सांगते," म्हटलं.

२, सोम.
नौपाडा, ऑफिस उघडायच्या आधीच दारात. प्रा.नं सगळं वाचलं आणि सरांच्या केबिनमध्ये नेलं. सर चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत.
"वाडीत विधवा नसतील, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"
"हो."
"पाहिलं नव्हतं?"
"पाहिलं होतं."
प्रा. खाली बघत होती. माझ्यामुळे तिला खाली बघावं लागलं.

"मग आधीची उत्तरं खोटी धरायची का?"
म्हटलं, "खोटी नाहीत, सर. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांची सोय झालीच आहे. बाकी जे होतं ते सणाला माझ्यासमोर कुणी काढलं नाही. मी गेलेच तशी, करंडा घेऊन."
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, आकडे सकाळीच घरून मेल केलेत. याची पुरवणी जोडता येते का बघतो. वरचे घेतील की नाही, सांगता येत नाही.

रिक्षा केली नाही, स्टेशनपर्यंत चालत. पैसे वाचवायला नाही. कुणाशेजारी बसावंसं वाटेना.

४, बुध.
शेजारच्या नलूताई विचारत होत्या, तुमचा तो सर्व्हे कसा झाला? तुम्ही म्हणे ह.कुं. करून सगळं झटपट उरकलंत, किती हुशार! ऑफिसातलं कौतुक मीच त्यांना सांगितलं होतं. "झाला," म्हटलं आणि दार लोटलं.

करंडा आज देव्हाऱ्यातून काढून फडताळात ठेवला. तासाभरानं परत देव्हाऱ्यात. त्याचा काय दोष.

५, गुरु.
प्रा.चा फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. मीटिंगमध्ये असेल.

दुपारी मंदाच्या नंबरवरून फोन. हौसाबाई.
"बाई, उद्या पान्याची पाळी हाय माजी. घेऊ का सोडू?"
मागून मंदा, "अगं, त्यांना काय इचारतेस! त्या काय कलेक्टर हायत?"
"तू गप. त्यांनी सांगते म्हटल्यालं." मग पुन्हा मला, "बोला की, बाई."

"घ्या," म्हणाले.
"नक्की?"
"घ्या पाणी."
"बरं," म्हणाल्या. फोन ठेवला.

कुणाला न विचारता बोलून बसले. गाडी आत येणार की नाही, देव जाणे. खरं वाटलं म्हणून बोलले, की त्या बायकांसारखीच मीही गोड बोलून मोकळी झाले? दिवा लावून केव्हाची बसलेय. फोन मांडीवरच आहे.