आतून कडी लावू नये

ताईसाहेबांच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? (भाऊजींच्या पाठीचं विचारत नाही, ते स्वतःच फोन करून सांगतात.) मी मजेत आहे, म्हणजे कालपर्यंत होतो.

तू शोधलेलं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. जाहिरात नको, दुरुस्ती नको, घर जसं आहे तसं, आठवड्यात रोख, या त्याच्या अटी तू मला पाठ करून घेतल्याच होत्यास. आता बाबांचा दुरुस्तीवर कधीच विश्वास नव्हता, सूचनेवर होता. 'बटण दोनदा दाबावे', 'दार उचलून ओढावे', 'तिसऱ्या पायरीवर भरवसा ठेवू नये'. घराची लक्तरं अशी सुवाच्य अक्षरात टांगलेली पाहून माणूस भाव पाडेल, म्हणून परवाच मी (शहाणाच ना!) सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. पंचेचाळीस निघाल्या.

त्यात न्हाणीघराच्या दारावरची 'आतून कडी लावू नये' हीसुद्धा गेली. गृहस्थ हातपाय धुवायला आत गेले आणि सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी कडी लावली, ती नेहमीसारखी अडकली. मी नेमका तेव्हाच कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर पडलो. दुकानदाराने तुझी चौकशी केली (लहानपणी तू किती भांडायचीस, वगैरे), त्यात तास गेला. परत येऊन दार उचलून ओढलं, तर साहेब घामाने निथळत बाहेर. म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण ते चिडले नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला माझ्या नजरेतून सुटलेली एक चिठ्ठी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचे वडील थापा मारायचे हो."

चिठ्ठीत होतं: 'अडकल्यास घाबरू नये. हाक मारावी. घरात कोणीतरी असतेच.'

ताई, फार लागलं गं मला. बाबा गेल्यापासून इथे मी एकटाच, आणि काल तर मीही नव्हतो.

त्यांना घर पसंत आहे, भावही पाडला नाही. मीच चहा पाजून वेळ मागून घेतला. अट 'जसं आहे तसं' अशी होती, आणि मी ते तसं ठेवलंच नव्हतं, असं कारण दिलं. त्यांना ते पटलं नाही. तुलाही पटणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या सहीचे कागद सोबत जोडले आहेत.

ता. क. दुसरा. जोडलेले नाहीत, पाकिटात शोधत बसू नकोस. चिठ्ठ्या परत डकवल्या, चव्वेचाळीस झाल्या. तुझ्या खोलीच्या खिडकीवरची काढताना फाटली, आणि तिच्यावर काय होतं ते काही केल्या आठवत नाही. तू येऊन लिही. बेल बंद आहे, हाक मार. मी घरातच आहे.