माळ्यावरचं चाक

मामा,

काल दुकानाच्या माळ्यावरची ती गोणी मी खाली काढली. कोणती गोणी ते तुम्हाला सांगायला नको. लातूर फाट्याचा रस्ता रुंद होऊन राहिलाय, आपलं दुकान मागं सरकवायचंय, म्हणून माळा रिकामा करणं भाग होतं. नाहीतर मी तिला हात लावला नसता. कंप्रेसरच्या वर, जुन्या ट्यूबांच्या मागे, तुम्ही ठेवली होती तशीच ती होती. पोलीस स्टेशनातून आली तेव्हाची सुतळीसुद्धा तशीच बांधलेली. तुमचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, ज्या चाकापायी गेला ते चाक तिच्यात होतं. ते ना तुम्ही कधी पाहिलंत, ना मी. आपण दोघं इतकी वर्षं त्या गोणीच्या खाली उभे राहून जगाची चाकं सरळ करत होतो.

त्याला आपल्या गाडीपेक्षा तिच्या चाकांचंच कौतुक जास्त होतं. सेकंडहँड गाडी, दार लावलं की हँडल हातात यायचं, पण चाकं मात्र अलॉयची. तेव्हा नांदेडात अशी चाकं असलेल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. तो ती जुन्या टूथब्रशनं घासत बसायचा आणि तुम्ही ओट्यावरून म्हणायचात, "गाडी धुवून राहिलास का तिचे दात घासून राहिलास?" मग एकदा अर्धापूरहून येताना केळीच्या ट्रकला बाजू देताना चाक खड्ड्यात आदळलं आणि आतल्या काठाला चीर गेली. तुम्ही लोखंडातला माणूस. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, कुठलीही लोखंडी डिस्क कितीही वाकून येऊ दे, तापवायची, ठोकायची, चिरली असेल तर जोडायची, पुन्हा जन्मभर चालते. हा धातू वेगळा आहे हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकणाऱ्यातले नव्हतात. तुम्ही गॅस पेटवलात, चीर जोडलीत, वरून घासून, लांबीची पुट्टी भरून, चांदीचा रंग मारलात. मला हाक मारून दाखवलंत, "कुठं जोडलंय, दाव बरं." मला दाखवता आलं नाही. तुमच्या मिश्यांतलं ते हसू मला अजून दिसतं.

तो लातूरला निघाला होता तो त्याच चाकाचा जोडीदार शोधायला. तिथल्या एका जुन्या मालाच्या दुकानात तसलंच एक चाक आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. ते आणायचं, गाडीला लावायचं आणि जोडलेलं चाक डिकीत स्टेपनी म्हणून टाकायचं, असा त्याचा बेत. मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी आहे. तो चावी बोटावर फिरवतोय. आणि तुम्हाला राग आलाय. "माह्या कामावर भरवसा न्हाई व्हय तुला?" तो हसून म्हणतो, "तसं नाही दादा, सेट पुरा पाहिजे." मग तुम्हीही निवळलात. चाकावर पायानं थाप मारून म्हणालात, "जा. काय होत न्हाई ह्याला."

दुपारी लोह्याच्या पुढून फोन आला. पुलाच्या तोंडाशी खड्डा, टायर फुटलं, चाक तुटलं, गाडी बाभळीवर गेली. फौजदारानं अजून काही विचारलंही नव्हतं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "साहेब, माह्या हातचा टाका सुटला." जो येईल त्याला तुम्ही तेच सांगितलंत. पुण्यानुमोदनाला आलेल्या पाहुण्यांना, भन्तेजींना, चहा देणाऱ्या पोरालासुद्धा. एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगत होतात. कुणी तुमच्यावर बोट ठेवलंच नव्हतं हो मामा. तुम्ही म्हणालात म्हणून सगळ्यांनी मानलं, आणि मीही मानलं.

देवणीहून माझा भाऊ मला न्यायला आला. "अक्का, बॅग भर. इथं आता काय हाय तुझं?" तुम्ही उंबऱ्यात बसला होतात. मला वाटलं तुम्ही राहा म्हणाल, आणि मला तुमच्या तोंडावर नाही म्हणता येईल. पण तुम्ही म्हणालात, "जायचं तर जा, पोरी. कुणी अडवायचं न्हाई. राहायचं तर ऱ्हा. पण राहिलीस तर चुलीपाशी कुढत बसू नको, दुकानात ये." मी राहिले. लोक म्हणाले, सून किती मायेची. माया कसली! माझा राग राहिला होता, आणि राग ज्याच्यावर आहे त्याला सोडून मी देवणीला जाऊन काय करणार होते?

दुकानात तुम्ही मला पहिल्यांदा चाकं ऐकायला शिकवलीत. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसं. चाक टांगायचं, लाकडी हातोडीनं हळूच ठोकायचं, गोल फिरवत फिरवत. धडधाकट चाक वाजतं आणि आवाज लांबतो. चिरलेलं चाक दबकं बोलतं. तुमची हातोडी माझ्या हाताला जड व्हायची, म्हणून तुम्ही बाभळीची एक हलकी करून दिलीत, दांडा माझ्या मुठीच्या मापाचा. माप कधी घेतलंत मला कळलं नाही. देतानाही सरळ हातात दिली नाहीत. बाकावर ठेवलीत आणि पलीकडे जाऊन उभे राहिलात.

आणि ते रॉकेलचं. कानाला शंका आली की चाकाला रॉकेल पुसायचं, थोडं थांबायचं, कोरडं करायचं आणि वरून चुना भुरभुरायचा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. एकदा गर्दीत मी एक चाक नुसतं ठोकून पास केलं. तुम्ही ते गाडीला लावलेलं काढायला लावलंत, गिऱ्हाईक बोंबलत असताना रॉकेल पुसलंत, आणि रेघ निघाली. मग अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असे ओरडलात, "माणूस बसतंय ह्याच्यावर! माणूस!" मी घरी जाऊन पातेली आपटली. मनात म्हटलं, हे मला कोण शिकवतंय? तुमच्यावर उलटून हेच म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवलाच नाहीत.

चिरलेलं चाक तुम्ही पुन्हा कधी जोडलं नाहीत. वाकलेलं असेल तर सरळ करायचं, चिरलं असेल तर नवं घ्या म्हणायचं, आणि जुनं परत द्यायचं नाही. गिऱ्हाइकासमोर घण घेऊन त्याचे तुकडे करायचे, म्हणजे भंगारातून उचलून, रंग मारून ते कुणी दुसऱ्याला विकायला नको. याच्यावरून किती भांडणं झाली! गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, आर्गनचं वेल्डिंग मारून द्या ना, समदे मारून राहिले." तुम्ही म्हणायचात, "मग समद्यांकडं जा. माह्या दुकानात न्हाई." काही गिऱ्हाइकं तुटली, बरीचशी टिकली. तुम्ही घण घालायचात तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघत बसायचे. एका फटक्यात तुटतील अशी चाकं तुम्ही तुकडे तुकडे होईपर्यंत ठोकत राहायचात. मला बरं वाटायचं. हे लिहायला नको होतं, पण वाटायचं.

घरात मात्र तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलेले. माझ्या हातचं ताट घेताना तुम्ही कधी वर पाहिलं नाहीत. एकदा वरणात मीठ टाकायचंच राहिलं. तुम्ही भाकरी चुरून सगळं वरण संपवलंत, ताट धुऊन पालथं घातलंत. मग मी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला कळलं. रागाचा एवढा कढ आला की ताट तसंच सरकवलं. अहो, सून आहे मी, ओरडा की! मीठ नाही एवढं तरी म्हणा! तुम्ही कशालाच नाव ठेवायला तयार नव्हतात. आपल्याला तो हक्क उरला नाही, असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. नातीशी मात्र खेळायचात. ती तुमच्या मिश्या ओढायची आणि तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. ती विचारायची, आजोबांना तू मामा का म्हणतेस गं? सासऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मी तिला गप्प करायचे.

ती चौथीत असताना तुम्ही गेलात. सरकारी दवाखान्यातला शेवटचा आठवडा. मी तुमचं तोंड पुसतेय आणि तुम्ही एकदम दोन्ही हात जोडता. सलाइनची नळी ताणली जाते. "पोरी, माह्या हातून झालं." मी काय म्हणायला हवं होतं? तुमच्या हातून नाही झालं, असं म्हणायला मला ते खरं वाटायला हवं होतं. तुम्हीच मला इतकी वर्षं दुसरं सांगितलं होतं. मी म्हणाले, "मामा, पाणी घ्या." तुम्ही दोन घोट घेतलेत आणि भिंतीकडे तोंड केलंत.

काल दुपारी सुतळी कापली. गोणी कुजली होती, हातातच फाटली. चाक तुमच्या नियमानं फोडून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच ठरवलं होतं. पण हाताला सवय लागलीय, न तपासता फोडवेना. धूळ धुतली. काठाचा मोठा लचका तुटून गेलेला. तुमचा टाका शोधू लागले, म्हटलं तुटलेल्या कडेला त्याची खूण असेल. नव्हती. चाक फिरवलं. मामा, तुमचा टाका दुसऱ्या बाजूला आहे. बरोब्बर समोरच्या अंगाला. चांदीचा रंग उडालाय, लांबी निखळलीय, आणि खालची जोड जशीच्या तशी. मी रॉकेल पुसलं. थांबले. चुना टाकला. रेघ उमटली नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा टाकला. मग चुना ओल्या हातानं सगळीकडे फासला, वेड्यासारखा, आणि ते पांढरं ते पांढरंच राहिलं.

चाक तुटलं ते जिथं तुमचा हात लागलाच नव्हता तिथं. खड्ड्यानं तोडलं. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही, तुम्ही तसं शिकवलं नाहीत. तापवलं की हा धातू जोडीच्या आजूबाजूला नरम पडतो, हे आता मला माहीत आहे. पण ती आच पार पलीकडे पोचत नाही. जोडायला नको होतं, हेही खरं. पण तुमचा टाका सुटला आणि तुमचा मुलगा गेला, हे खरं नाही. हे मी त्या फौजदारापुढे सांगेन, भन्तेजींपुढे सांगेन, कुणापुढेही सांगेन. ज्याला सांगायला हवं तो नाही.

एक सुतळी कापायची होती हो. दुसऱ्याचं चाक असतं तर तुम्ही ते दारात आल्या आल्या टांगून ठोकलं असतंत. नांदेडातल्या कुणाच्याही चाकाचं दुखणं तुम्ही सांगायचात आणि या एकाला घाबरलात. मीही घाबरले. तुम्ही निर्दोष सुटलेलं मला बघायचं नव्हतं आणि तुम्हाला तुमचा गुन्हा बघायचा नव्हता. म्हणून बिनमिठाचं वरण गिळत, मान खाली घालून, एक निर्दोष म्हातारा माझ्या घरात राहिला आणि भिंतीकडे तोंड करून मेला.

मुलीला लातूरला फोन केला. ती तिथं शिकतेय, शिकवण्यांच्या गर्दीत एक खोली घेऊन राहते. सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आई, मग आता तुला बरं वाटतंय ना?" मी हो म्हणाले. पोरगी आहे, लांब आहे, काय सांगणार?

चाक फोडलं नाही. बाकाखाली ठेवलंय. नव्या दुकानात न्यायचं की नाही ते ठरलेलं नाही. हा कागद कुठं टाकायचा तेही मला माहीत नाही. बहुतेक चुलीतच जाईल. पण खरं सांगते मामा, मला बरं वाटत नाही. गोणी उघडलीच नसती तर बरं झालं असतं, असं सकाळपासून वाटून राहिलंय. तुमच्यावर राग होता तोवर मला निदान झोप लागायची.