एकाच बाभळीला बांधलेली झोळी

आबा, ओळखलंत का मला? घाई नाही, सावकाश आठवा. खांडातल्या प्रत्येक मेंढराचं तोंड तुम्हाला पाठ होतं. कुठली कुणाची लेक, कुठलीचा कान कुठल्या बोरीत फाटला, सगळं. आम्हा पोरांना हाक मारताना मात्र आधी थोरल्याचं नाव घ्यायचात, मग मधल्याचं, मग कुत्र्याचं, आणि राहिलंच तर माझं. तर मी ती, कुत्र्याच्या नंतरची. आता दात गेलेत, केस पिकलेत, तेव्हा तोंडावर जाऊ नका. मला शाळेत कुणी घातलं नाही हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. ती माझं बोलणं झाडून-पुसून घेते. मी म्हटलं, घे, पण जिथं माणसं बोलतात तिथं हात लावू नकोस.

या कागदाला कारण हीच नात आहे. सांगलीला कॉलेजात शिकते. मैत्रिणींबरोबर कोयनेकडच्या डोंगरात मुक्कामाला जायचं तिनं ठरवलं. तंबू नाही, खोली नाही, दोन झाडांना कापड बांधायचं आणि त्यात झोपायचं. त्याला हॅमॉक म्हणतात म्हणे. मोबाईलवरनं मागवलं आणि भोपळ्याएवढ्या पिशवीत घरी आलं. मी उलगडून बघितलं आणि हसायलाच लागले. "आगं, ही तर झोळी! ह्याला पैसं दिलंस?" सुनेला मात्र हसू आलं नाही. सून मिरजेची, फरशीवर वाढलेली, पालीलासुद्धा अहोजाहो करते. म्हणाली, "आणि साप आला म्हंजे?" नात म्हणाली, "मम्मी, झोळी वर असती. तो खालनं जाईल." "आणि झाडावरनं आला म्हंजे? दोरीवरनं मुंगळं आलं म्हंजे? बिबट्या? मलकापूरच्या मागं उसात दिसला म्हणत्यात, तुमच्या डोंगरात काय तो सुट्टीवर गेलाय?" लेकानं पेपरातनं तोंड वर काढलं. "आईला विचारा. ती मेंढरामागं वाढलीया. ती म्हणंल तसं." झालं. सगळी माझ्याकडं बघायला लागली. नातीचे डोळे तर असे, जसे खुराकाची पाटी दिसल्यावर कोकराचे होतात. पोरीचं जाणं-न-जाणं एकदम माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी म्हटलं, "आधी मी झोपून बघते."

तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांपुढं आहात. तळावर पोचल्यावर तुमचं काम ठरलेलं असायचं. आधी काठीनं जमीन बडवायची, धोंडे उलथून बघायचे, मगच आई चूल मांडायची. भाकरी अंथरुणापासून लांब बसून खायची, कारण चुऱ्याला उंदीर येतो आणि उंदरामागं लांबडं येतं. सापाला साप म्हटलेलं तुम्हाला कधी ऐकलं नाही. मेंढरं कोंडायची जुनी जाळी होती, तिचा तुकडा दोन झाडांना टांगून तुम्ही मला त्यात ठेवायचात. एक संध्याकाळ अजून तशीच आहे. आपण कृष्णेकाठच्या रानात उतरलोय. दिवस मावळायला टेकलाय. मी झोळीत पालथी पडून जाळीच्या डोळ्यांतनं खाली बघतेय, आणि माझ्या खालनं ते चाललंय. लांब, काळं, चकचकीत, बाजाराला निघालेल्या माणसासारखं सावकाश. पलीकडं तुम्ही उभे आहात. ओरडत नाही, धावत नाही, नुसता पंजा वर धरलाय. मी हलत नाही. ते बांधाच्या फटीत शिरतं आणि तुम्ही हसता. "गेलं बघ पाव्हणं! त्याचं आपल्याकडं काम न्हवतंच." मला उचलून घेता तेव्हा तुमचे हात एवढे हलत असतात की मीही हलते. मी विचारते, "आबा, थंडी वाजती व्हय?" तुम्ही म्हणता, "व्हय, लय." त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले, आमचा बाप नागाला भ्यायचा नाही.

तर रविवारी आम्ही सगळी जीपमधनं वडूजच्या पलीकडं आपल्या माळावर गेलो. सुनेनं सतरंजी घेतली, दोन काठ्या घेतल्या आणि फिनेलची बाटलीही घेतली. माळ तुमच्या वेळेपेक्षा बोडका झालाय. हाताशी एकच बाभळ. नातीचं तोंड पडलं, कारण झोळीला दोन टोकं असतात. लेक म्हणाला, "थांबा की." आणि त्यानं दुसरं टोक जीपच्या वरच्या दांडीला बांधलं. गाठ अगदी तुमची, शेवटाला दोनदा ओढून बघायचं तेही तुमचंच. त्याला तर कुणी शिकवलं नाही. नातीनं धरून मला आत बसवलं, मग पाय उचलून आत घातले. कापड अंगाभोवती आलं आणि मी लहान झाले, आबा. वर बाभळीची पानं, पाठीला वारा, खाली काहीच नाही. माझे गुडघे एवढे गप्प कधी बसले नव्हते. सून खालून विचारत होती, "आत्या, बरं हाय न्हवं?" मी मुद्दाम डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात लेक मोबाईल चार्जिंगला लावायला जीपमध्ये जाऊन बसला. मी दार लागल्याचं ऐकलं आणि मला आपलं घोडं आठवलं. जिवाच्या आकांतानं ओरडले, "रं, चावी काढ आधी! चावी काढ!" तो धडपडत बाहेर आला. "का गं? लांबडं दिसलं का?" मग मला सांगावंच लागलं. असाच माळ, अशीच एकटी बाभळ, आणि तुम्ही झोळीचं दुसरं टोक बिऱ्हाडाच्या घोड्याला बांधलं होतंत. आई नको म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "हे उभ्यानं झोपतंय. ह्याला हलायचं म्हंजे मुहूर्त लागतोय." मुहूर्त लगेच लागला, कारण पलीकडच्या रानात कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या सोडल्या. झोळी ताणली, दोरी तुटली आणि मी उडून मेंढरांच्या पाठीवर. ती बिचारी मला घेऊनच पळाली. आई तुमच्यावर धावली, "पोरगी हाय का गाठुडं?" आणि तुम्ही डोकं खाजवत म्हणालात, "आगं, पर लांबडं चावलं का? न्हाई न्हवं?" हे ऐकून लेक जीपला टेकून हसायला लागला. सून तर एवढी हसली की भुईवर बसली, सतरंजी न अंथरता, काठी न आपटता.

हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "पर आत्या, खरंच भ्या न्हाई वाटायचं?" नात तिच्याजवळ बसली. बॅटरी लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, बूट वर टांगून ठेवायचे, झोळीला मच्छरदाणी आहे, खाणं सगळं लांब, आणि काही चावलंच तर कापाकापी नाही, मंत्र नाही, सरळ सरकारी दवाखाना, तो कुठं आहे तेही तिनं बघून ठेवलेलं. मी म्हटलं, "आणि खुन्नस धरून मागं लागलं तर?" नात म्हणाली, "आजी, सापाला खुन्नस नसती. ती तुला आणि मम्मीला असती." हिला कसं अडवायचं? मी झोळीतनंच निकाल दिला. "जाऊ दे पोरीला. आमी न्हाई का ऱ्हायलो? मला कवा भ्या वाटलं न्हाई." सून म्हणाली, "भाकरी किती बांधून देऊ?"

तर ती शनिवारी निघते. हा कागद तिच्या झोळीच्या पिशवीत घडी घालून ठेवायला सांगितलाय, याच्यापुढं तो कुठं जाणार नाही. आता एक तुमच्या कानात सांगते. नात लिहितेय, तेव्हा तिच्याही कानात पडेल, पडू दे. मला बाहेर काढायला तिनं हात पुढं केला, तेव्हा माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, "आजी, थंडी वाजती का?" भर दुपारी, आबा, त्या माळावर. मी म्हटलं, "व्हय, लय."

तुम्ही त्या डोंगराकडं चक्कर टाकणार असाल तर खुणेला सांगते. पोरी पुष्कळ असतील, नावं तुमच्या ध्यानात राहायची नाहीत. आमचीचा डावा कान जरा पुढं आलेला आहे, तुमच्यासारखा. कानावरनं तुम्ही चुकत नाही. नुसता पंजा वर धरून उभे राहा, बाकी तिचं ती बघेल. आणि परत येताना तिच्याबरोबर मला थोडं हुलग्याचं माडगं धाडा, तळावर तुमच्या हातानं शिजवायचात तसलं. मीठ घालून. तुम्ही विसरता.