निरोपाची खरवड

७ जून, सकाळ
बोट गेली. मी नाही गेलो. विचारपूर्वक घेतलेला निर्णय.
काल गावाने माझ्या निरोपाचं ऑइलडाउन रांधलं. नीरफणस, डुकराची खारवलेली शेपटी, वर अळूची पानं, नारळाचं दूध आटून नुसतं तेल उरेपर्यंत. जाणाऱ्याने तळाची खरवड खायची असते. खाल्ली. सगळी. मग जरा डोळा लागला. त्रिनिदादच्या हॉटेलातली नोकरी काही पळून जात नाही.

७ जून, दुपार
सगळ्यांनी मिठ्या मारल्या होत्या. मिस पर्ल रडलीसुद्धा. आता दिसलो तर मेलो. पुढच्या शनिवारच्या बोटीपर्यंत इल्मा मावशीच्या मागच्या खोलीत. रोज व्यायाम करणार.

९ जून
व्यायामाला जागा नाही. खोलीभर मावशीची जायफळं वाळतायत. मी त्यांच्या मधोमध झोपतो. मसाल्यांचा अनुभव हॉटेलात कामाला येईल.
मावशी म्हणाली, एकदा तोंड दाखव आणि मोकळा हो. मी म्हटलं, गावाला धक्का बसेल. ती म्हणाली, गावाचं सोड, तू चड्डी धुवायला टाक.

११ जून
पर्ल नेमकी माझ्या खिडकीखाली पावासारखे फुगलेले बेक तळते, आत खारा मासा भरून. मी फळीच्या फटीला नाक लावून बसतो. मावशीला दोन आणायला सांगितले, तिने एकच आणला. म्हणाली, पर्ल विचारत होती, तिखट पुरे ना त्याला? पर्ल कुणाबद्दल बोलतेय, समजलं नाही.

१२ जून
हॉटेलला कळवायचं राहिलंय. उद्या.
नंतर: हॉटेलचाच फोन मावशीला आला. ती अंगणात जाऊन बोलली. पगारवाढ असावी.

१३ जून, दुपार
अंगणात गर्दी. चुलीवर माझा टोप. मला न विचारता. मावसभाऊ केलॉन टोप लावतोय आणि त्याने अळू तळाला घातलंय. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

१३ जून, थोड्या वेळाने
केलॉनने झाकण काढलं. हातात पळी. ऑइलडाउन ढवळलं की लगदा होतो, हे शेंबड्या पोराला कळतं. मी खिडकीतून ओरडलो, पळी ठेव खाली, गाढवा.
कुणी दचकलं नाही. पर्ल म्हणाली, आला बाई एकदाचा. मावशी म्हणाली, मी सांगितलं होतं, त्याच्या टोपात पळी दाखवा, आपोआप निघेल.
केलॉन म्हणाला, दादा, तूच लाव नीट. उद्या मला बोट पकडायचीय. तुझ्या जागेवर हॉटेलने मलाच बोलावलंय.
अळू उपसून वर घातलं. हळद कमी होती, टाकली. कुणीतरी शिकवायला हवं ना.

१४ जून
केलॉन गेला. खरवड खाल्ली नाही पठ्ठ्याने. म्हणाला, दादा, तू घे, मला झोप परवडणार नाही.
छान लागली होती.
मावशीला सांगितलं, पुढच्या शनिवारी नक्की. ती म्हणाली, बरं. आणि टोप घासायला माझ्यापुढे सरकवला.